ग्लॉस्टर ई.२८/३९ या पहिल्या ब्रिटिश जेट विमानाचे स्केल मॉडेल: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

१५ मे १९४१ च्या संध्याकाळी इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई तळावरून जेरी सेयर या चाचणी वैमानिकाने प्रोपेलर नसलेले एक लहानसे विमान आकाशात नेले आणि १७ मिनिटांनी सुखरूप उतरवले. ग्लॉस्टर कंपनीसाठी जॉर्ज कार्टर यांनी आखलेले हे ई.२८/३९ म्हणजे ब्रिटनचे पहिले जेट विमान होय. फ्रँक व्हिटल यांच्या पॉवर जेट्स या छोट्या कंपनीने बनवलेले डब्ल्यू.१ हे सुमारे ८६० पौंड रेट्याचे इंजिन त्यात बसवलेले होते. जर्मनीचे हाइनकेल एचई १७८ हे विमान त्याआधी, २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडालेले होते, त्यामुळे जगातील पहिलेपणाचा मान ई.२८/३९ ला मिळत नाही. पण मॉडेल बनवणाऱ्याच्या दृष्टीने हे विमान मला अधिक मोलाचे वाटते, कारण यातील मूळ विमान आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे आणि त्याची त्या काळातली छायाचित्रेही उपलब्ध आहेत.

ज्यांनी एखाददुसरे साधे किट जोडले आहे आणि आता थोडे अवघड, तपशीलवार काम हाती घ्यायचे आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. विमान लहान आहे, भाग फार नाहीत, इंजिनाचा पंखा नाही, बंदुका नाहीत, बॉम्ब नाहीत. म्हणून ते सोपे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या नाकातील पोकळी, तीन चाकांवरचा तोल आणि खालच्या बाजूचा पिवळा रंग या तीन ठिकाणी नवशिक्याची कसोटी लागते, आणि म्हणूनच या लेखात त्या तीन गोष्टींना सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी दिवस ठरवा

एखाद्या लढाऊ विमानाच्या हजारो प्रती निघालेल्या असतात, त्यामुळे त्याच्या मॉडेलमध्ये एखादा तपशील इकडचा तिकडे झाला तरी तसे एखादे विमान कुठेतरी असेलच असे म्हणता येते. प्रायोगिक विमानाच्या बाबतीत ही सवलत मिळत नाही. ई.२८/३९ ची फक्त दोन विमाने बनली: डब्ल्यू४०४१ आणि डब्ल्यू४०४६. त्यांच्यावर सतत चाचण्या चालू होत्या आणि प्रत्येक टप्प्यावर काही ना काही बदलत होते. इंजिने बदलली. पहिल्या उड्डाणानंतर काही काळाने वेगळ्या छेदाचे, जास्त वेगासाठी आखलेले पंख बसवले गेले. पुढे डब्ल्यू४०४१ च्या आडव्या शेपटीवर दोन्ही बाजूंना लहान उभ्या पट्ट्या जोडल्या गेल्या. त्यामुळे खोके उघडण्यापूर्वीच आपले मॉडेल कोणत्या विमानाचे आणि साधारण कोणत्या महिन्यातले, हे कागदावर लिहून ठेवावे. एकदा हा निर्णय झाला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

निवडीसाठी तीन सोयीचे टप्पे आहेत. पहिला टप्पा एप्रिल १९४१ चा. तेव्हा ब्रॉकवर्थ येथील ग्लॉस्टरच्या धावपट्टीवर, उड्डाणासाठी नसलेले डब्ल्यू.१एक्स इंजिन बसवून, विमान जमिनीवर धावून पाहिले गेले आणि त्या वेळी त्याने काही छोट्या उड्याही घेतल्या. दुसरा टप्पा क्रॅनवेलच्या पहिल्या उड्डाणाचा. तिसरा टप्पा त्यानंतरच्या वर्षांतला, शेपटीवर पट्ट्या असलेल्या डब्ल्यू४०४१ चा. दुसरे विमान, म्हणजे डब्ल्यू४०४६, १ मार्च १९४३ रोजी पहिल्यांदा उडाले आणि त्याच वर्षी ३० जुलैला नष्ट झाले. त्याचे एलेरॉन, म्हणजे विमान बाजूला कलवणारी पंखावरची हलती पाती, अडकले आणि स्क्वाड्रन लीडर डग्लस डेव्ही यांना सुमारे ३३,००० फुटांवरून पॅराशूटने उडी घ्यावी लागली. पहिल्या प्रयत्नासाठी मी क्रॅनवेलचे डब्ल्यू४०४१ सुचवीन, कारण त्याचा आकार सर्वांत स्वच्छ आहे आणि त्याची छायाचित्रे शोधणे सोपे आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आज संग्रहालयात दिसणारे विमान चाचण्या संपल्यानंतरच्या अवस्थेतले आहे, त्यामुळे त्याची रंगीत छायाचित्रे पाहून १९४१ चे मॉडेल बनवले तर चूक होऊ शकते. लटरवर्थ आणि फार्नबरो येथे रस्त्याच्या चौकात उभारलेल्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृतींचाही उपयोग मर्यादित ठेवावा. आकाराचा अंदाज घ्यायला त्या चांगल्या आहेत, रंगाचा किंवा खुणांचा पुरावा म्हणून नाहीत. पुरावा मानायचा तो त्या काळातल्या कृष्णधवल छायाचित्रांचाच, आणि शक्यतो ज्यांच्याखाली तारीख दिली आहे अशांचा.

किट आणि हत्यारे

मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत २९ फूट, म्हणजे सुमारे ८.८४ मीटर होते. त्यामुळे १/७२ प्रमाणात मॉडेलचा विस्तार जेमतेम १२.३ सेंटिमीटर भरतो आणि १/४८ मध्ये तो साडेअठरा सेंटिमीटरच्या आसपास जातो. पर्याय असेल तर नवशिक्याने १/४८ घ्यावे, कारण नाकाच्या आत काम करताना बोट नाही तरी निदान ब्रशचे टोक आत गेले पाहिजे.

अशी विरळ विमाने बहुधा लहान उत्पादक काढतात. त्यांचे साचे कमी संख्येच्या उत्पादनासाठी असतात. भाग जुळवण्यासाठी खुंट्या आणि भोके बहुतेक नसतात, कडेला पातळ पापुद्रा आलेला असतो, स्प्रूला, म्हणजे सर्व भाग ज्यात येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीला, भाग जाड दांड्यांनी जोडलेले असतात, आणि कॉकपिट, चाके किंवा जेट नळी असे बारीक भाग प्लास्टिकऐवजी रेझिनचे असू शकतात. यात उत्पादकाचा दोष नसतो, ही त्या प्रकारच्या किटची रीत आहे, आणि ती आधी माहीत असली की निराशा होत नाही. खोके आल्यावर प्रत्येक भाग सूचनापत्रावरील चित्राशी ताडून पाहावा आणि कॅनोपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, तडा नाही ना, हे लगेच तपासावे.

हत्यारे थोडीच लागतात, पण ती चांगली असावीत: बारीक टोकाचा निपर, नव्या पात्यांचा चाकू, दोन-तीन बारीक कानशी, चिमटा, हाताने फिरवायचे बारीक ड्रिल आणि ४०० ते २००० क्रमांकांपर्यंतचे वॉटर पेपर. चिकटवण्यासाठी तीन गोष्टी हाताशी ठेवाव्यात. प्लास्टिकला प्लास्टिक जोडण्यासाठी पातळ लिक्विड सिमेंट, रेझिन किंवा धातू जोडण्यासाठी फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद, आणि वजन बसवण्यासाठी अरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा लॅकर थिनर प्लास्टिकच्या भागांवर कधीही वापरू नये. तो पॉलिस्टायरिन विरघळवतो आणि क्षणार्धात भागाचा चेहरामोहरा बिघडतो.

पहिले दोन दिवस जोडायचे काहीच नाही

भाग स्प्रूसकट कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवावेत आणि वाऱ्यावर सुकू द्यावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. रेझिनच्या बाबतीत हे धुणे अधिक काळजीने करावे. रेझिन घासताना ते ओले ठेवावे आणि नाकावर मास्क बांधावा, कारण त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते.

भाग स्प्रूवरून कापताना दांडी भागाला चिकटून न कापता थोडी दूर कापावी आणि उरलेला खुंट दुसऱ्या कापात, मग कानशीने काढावा. एका कापात भाग सुटा करण्याच्या घाईत प्लास्टिकचा तुकडा भागातूनच उपटला जातो आणि ती खळी भरायला अर्धा तास जातो. त्यानंतर धडाच्या दोन अर्ध्या भागांच्या चिकटवायच्या कडा सपाट काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर, दाब न देता, गोलाकार फिरवून घासाव्यात. कडा सगळीकडे सारखी चमकहीन दिसू लागली की ती सपाट झाली असे समजावे. खुंट्या नसतील तर धडाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पातळ पट्टीचे छोटे तुकडे थोड्या थोड्या अंतरावर, कडेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर येतील असे चिकटवावेत. त्यांच्यामुळे दुसरा अर्धा भाग आपोआप जागेवर सरकतो.

हे सर्व झाल्यावर गोंद न लावता, केवळ टेपने बांधून, संपूर्ण विमान एकदा उभे करावे. याला कोरडी जुळवणी म्हणतात. पंखाच्या मुळाशी किती फट राहते, आडवी शेपटी सरळ बसते का, कॉकपिटचा तळ धडात मावतो का, हे सर्व येथे कळते आणि चुका दुरुस्त करणे अजून फुकट असते.

नाकातील बोगदा

ई.२८/३९ चे सौंदर्य त्याच्या नाकात आहे. हवा नाकाच्या गोल तोंडातून आत येते, तेथे तिचे दोन प्रवाह होतात, ते कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात आणि वैमानिकाच्या पाठीमागे असलेल्या इंजिनाला मिळतात. व्हिटल यांच्या इंजिनातला कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी हवा ओढणारा होता आणि त्याच्याभोवती १० दहनकक्ष बसवलेले होते, त्यामुळे इंजिनाचा घेर मोठा होता; विमानाचे धड मध्ये इतके गुबगुबीत दिसते त्याचे कारण हेच. मॉडेलकडे समोरून पाहणाऱ्याची नजर सर्वप्रथम या तोंडातच जाते, आणि तेथे धडाच्या दोन भागांची सांधरेषा दिसली तर बाकीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

किटमध्ये आतील नळीचे भाग दिलेले असतील तर ते धड जोडण्यापूर्वीच पूर्ण करावेत. नळीचे दोन अर्धे भाग चिकटवून एक दिवस सुकू द्यावेत, आतील सांध्यावर लांबी भरावी आणि मग वॉटर पेपरची सुरळी एका पातळ लाकडी काडीवर गुंडाळून आतून घासावे. पोहोच होत नसेल तेथे घासण्याऐवजी वेगळी युक्ती चालते. दाट पांढरा रंग आत ओतावा, नळी हळूहळू फिरवून तो सगळीकडे पसरू द्यावा, जास्तीचा रंग बाहेर काढावा आणि नळी उलटी ठेवून सुकू द्यावी. असे दोन-तीन थर झाले की सांधा रंगाखाली बुजतो आणि पृष्ठभाग काचेसारखा होतो. शेवटचा थर आपण निवडलेल्या छायाचित्राशी जुळेल अशा छटेचा द्यावा.

नळी दिलेलीच नसेल, तर निदान दिसेल तेवढी तरी ती बनवावी लागते. तोंडापासून दीड-दोन सेंटिमीटर आतपर्यंतचा आकार इपॉक्सी पुटीने, ओल्या बोटाने आणि गोल टोकाच्या दांडीने घडवता येतो. पुटीत थोडे पाणी लावत राहिले की ती चिकटत नाही आणि गुळगुळीत होत जाते. मध्ये दोन प्रवाह वेगळे करणारा उभा भाग प्लास्टिकच्या पत्र्याचा कापून बसवावा आणि त्याच्यामागे सगळे गडद काळे करावे, म्हणजे नजर तेथे थांबते आणि पलीकडची रिकामी जागा कळत नाही.

तोंडाची कड हा आणखी एक बारकावा आहे. साच्यातून येताना ती बहुधा जाड आणि बोथट असते, तर खऱ्या विमानात ती पातळ पत्र्याची, आतल्या बाजूला गोलाईने वळलेली होती. आतल्या बाजूने चाकूचे पाते तिरके धरून, खरवडत, कड पातळ करावी आणि शेवटी ओल्या वॉटर पेपरने गोलाई द्यावी. हेच काम मागच्या जेट नळीच्या तोंडालाही करावे. तेथे कड शक्य तितकी पातळ हवी आणि आत पुरेशी खोली दिसायला हवी. धातूच्या बारीक नळीचा तुकडा योग्य जाडीचा मिळाला तर किटमधल्या भागापेक्षा तो नेहमीच अधिक चांगला दिसतो.

वजन कोठे घालायचे

प्रोपेलर नसल्यामुळे या विमानाला जमिनीपासून उंच उभे राहण्याची गरज नव्हती. त्याला नाकाखाली एक आणि पंखांखाली दोन अशी तीन चाके होती, पाय आखूड होते आणि शेपटी हवेत राहत असे. मॉडेलमध्ये मात्र मुख्य चाकांच्या मागे प्लास्टिकचा भार जास्त असतो, त्यामुळे नाकात वजन घातले नाही तर ते मागे कलंडून शेपटीवर बसते. इतर विमानांचे नाक समोरून बंद असते, तेथे गोळ्या भरून मोकळे होता येते; येथे नाक म्हणजे हवेचा रस्ता आहे, म्हणून वजनासाठी जागा शोधावी लागते.

अशा तीन जागा आहेत: कॉकपिटच्या तळाखालची पोकळी, हवेच्या नळीची बाहेरची भिंत आणि धडाची आतली बाजू यांच्यामधली दोन्हीकडची अरुंद जागा, आणि पुढच्या चाकाच्या खोबणीच्या भोवतालचे कोपरे. किती वजन लागेल हे अंदाजाने ठरवू नये. धडाचे भाग, पंख, शेपटी आणि कॉकपिट टेपने बांधून मॉडेल एका पेन्सिलीवर आडवे ठेवावे. पेन्सिल बरोबर मुख्य चाकांच्या जागेखाली हवी. मग नाकावर बाहेरून थोडे थोडे वजन टेपने लावत जावे आणि नाक निश्चितपणे खाली गेले की त्यावर साधारण एक तृतीयांश अधिक वजन धरावे, कारण आत बसवताना ते बाहेर लावले होते त्यापेक्षा थोडे मागे जाते आणि रंग व लांबी यांचाही भार नंतर शेपटीवर पडतो.

वजन म्हणून सायकलच्या बेअरिंगच्या गोळ्या किंवा मासेमारीच्या दोरीला लावायचे शिशाचे मणी दोन्ही चालतात. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि मुलांबरोबर काम करत असाल तर पोलादी गोळ्याच घ्याव्यात. गोळ्या बसवायला पांढरा फेव्हिकॉल वापरू नये. शिसे आणि तसा गोंद बंद जागेत एकत्र राहिले तर काही वर्षांत शिशावर पांढरी बुरशीसारखी भर चढते, ती फुगते आणि धडाचा सांधा आतून उकलतो. इपॉक्सीमध्ये गोळ्या पूर्ण बुडवून बसवल्या तर हा धोका राहत नाही. इपॉक्सी सुकताना गरम होतो, म्हणून पातळ प्लास्टिकवर एकाच वेळी मोठा गोळा न ओतता दोन-तीन वेळा थोडा थोडा घालावा.

कॉकपिट, पंख आणि शेपटी

कॉकपिट लहान आहे आणि कॅनोपी बंद ठेवली तर फारसे दिसत नाही. त्या काळच्या ब्रिटिश विमानांत आतून वापरला जाणारा राखाडी-हिरवा रंग भिंतींना द्यावा, उपकरणांचा फलक काळा ठेवावा आणि आसनाला पट्टे अवश्य लावावेत. कागदाच्या पातळ पट्ट्या फिकट रंगाने रंगवून, थोड्या वळवून लावल्या तरी त्या छान दिसतात. येथे इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन, नव्हते, त्यामुळे नंतरच्या जेट विमानांचे आसन सुट्या भागांतून उचलून बसवू नये.

धड बंद केल्यावर पंख जोडताना कोन सांभाळणे हे खरे काम आहे. जाड पुठ्ठ्यात समोरच्या बाजूच्या आराखड्याप्रमाणे खाच कापून घ्यावी, त्यात मॉडेल ठेवावे आणि गोंद सुकेपर्यंत हलवू नये. दोन्ही पंखांच्या टोकांची टेबलापासूनची उंची पट्टीने मोजावी. उभी शेपटी पंखांशी काटकोनात आहे की नाही, हे मागून, एक डोळा मिटून पाहावे. रेझिनचा एखादा भाग वाकलेला असेल तर तो गरम पाण्यात अर्धा मिनिट ठेवून सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा.

पंखाच्या मुळाशी फट राहिली तर लांबी भरण्याआधी प्लास्टिकची पातळ पट्टी फटीत सारून चिकटवावी. मोठ्या फटीत नुसती लांबी भरली की ती सुकताना आखडते आणि महिन्याभरात रेघ पुन्हा दिसू लागते. घासण्याचे काम संपले असे वाटले की राखाडी प्रायमरचा एक थर द्यावा. प्रायमर म्हणजे तपासणीचे साधन आहे. उघड्या प्लास्टिकवर न दिसणारा प्रत्येक ओरखडा आणि प्रत्येक खड्डा त्यात दिसतो, आणि अशा दोन-तीन फेऱ्या होणे अगदी स्वाभाविक आहे.

पिवळा आधी, मग हिरवा आणि मातकट

क्रॅनवेलच्या विमानाला वरच्या बाजूला डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ अशा दोन छटांचे छद्मरंग होते आणि खालची बाजू पिवळी होती. चाचणीच्या विमानांना पोटाकडून असा पिवळा रंग देण्याची तेव्हाची ब्रिटिश पद्धत होती, जेणेकरून जमिनीवरच्या विमानवेधी तोफांना हे आपलेच विमान आहे हे कळावे. हा पिवळा म्हणजे केशराकडे झुकणारा, दाट पिवळा. लिंबाच्या सालीसारखा नव्हे.

पिवळ्या रंगाची अडचण अशी की त्याची झाकण्याची ताकद कमी असते. राखाडी प्रायमरवर थेट दिला तर तो हिरवट, मळकट दिसतो आणि मग थरावर थर चढवत कडा जाड होतात. म्हणून पिवळ्याच्या जागी आधी पांढरा किंवा अत्यंत फिकट गुलाबी थर द्यावा. गुलाबीवर पिवळा अधिक उबदार दिसतो, म्हणून मी तोच पसंत करतो. त्यावर पिवळ्याचे तीन-चार पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावर, द्यावेत. एअरब्रश असेल तर उत्तमच, पण रुंद, मऊ केसांच्या ब्रशनेही हे काम होते. त्यासाठी रंग दुधाइतका पातळ करावा, एका थरात ब्रश एकाच दिशेने फिरवावा आणि पुढच्या थरात त्याच्या आडवा.

पिवळा किमान दोन दिवस सुकू द्यावा आणि मग मास्किंग करावे. पंखाच्या पुढच्या कडेवर पिवळ्या आणि गडद रंगांची सीमा येते आणि तेथील वळण फार तीव्र असते. रुंद टेप तेथे सुरकुततो, म्हणून टेपच्या दोन मिलिमीटरच्या बारीक पट्ट्या कापून कडेने लावाव्यात आणि बाकीचा भाग रुंद टेपने झाकावा. टेपची कड नखाने दाबून बसवल्यावर तिच्यावर आधी पारदर्शक वार्निशचा हलका थर द्यावा. कुठे सूक्ष्म फट राहिली असेल तर तिच्यात वार्निश शिरते, गडद रंग शिरत नाही, आणि टेप काढल्यावर सीमा स्वच्छ निघते. धडाच्या बाजूवर ही सीमा कोणत्या उंचीवर जाते, हे मात्र सूचनापत्रापेक्षा छायाचित्रावरून ठरवावे.

वरच्या बाजूला आधी डार्क अर्थ संपूर्ण द्यावा, मग पेन्सिलीने नक्षीच्या रेषा काढाव्यात आणि हिरव्याचे भाग भरावेत. रेषेची कड किंचित मऊ हवी असेल तर चिकट पोस्टर पुटीच्या बारीक वळ्या रेषेवर ठेवून त्यांच्या आतील भाग टेपने झाकता येतो आणि रंग वरून सरळ मारता येतो.

मुंबई, कोकण किंवा गोवा येथे पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. हवेत दमटपणा जास्त असताना मारलेले मॅट वार्निश पांढरट पडू शकते, आणि लॅकर प्रकारचे रंगही त्याच कारणाने धुरकट होतात. अशा दिवसांत जोडणीचे, घासण्याचे काम करावे आणि रंग उघाडीच्या दुपारी द्यावा.

खुणा

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रे, लावण्यापूर्वी संपूर्ण मॉडेलवर चमकदार वार्निश द्यावे. खडबडीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग रुपेरी दिसतो. चमकदार थरावर तसे होत नाही. डिकल कोमट पाण्यात बुडवून बाहेर ठेवावे, कागदावरून आपोआप सरकू लागले की जागेवर न्यावे, आणि पाणी टिपकागदाने मधून कडेकडे टिपावे. मऊ करणारे द्रावण लावल्यावर डिकलला काही मिनिटे सुरकुत्या पडतात. त्या वेळी हात लावू नये. सुकताना ते स्वतःच खोबणीत बसते.

येथे निवडलेल्या तारखेला पुन्हा महत्त्व येते. रॉयल एअर फोर्सच्या वर्तुळचिन्हांचे प्रमाण १९४२ मध्ये बदलले आणि पांढऱ्या व पिवळ्या कड्या अरुंद झाल्या, त्यामुळे १९४१ च्या विमानावर नंतरची वर्तुळे लावणे उघड चूक ठरते. किटच्या कागदावर दोन्ही प्रकार असतील तर नीट निवडावे. नोंदणी क्रमांकापुढे येणारे ‘/जी’ म्हणजे विमान जमिनीवर असताना त्यावर सतत पहारा हवा, ही गुप्ततेची खूण. ही खूण आणि प्रायोगिक विमानांवरचे वर्तुळातले ‘पी’ अक्षर आपल्या टप्प्यावर होते की नव्हते, हे त्या टप्प्याच्या छायाचित्रात पाहूनच ठरवावे.

शेवटचे काम

पॅनेलच्या रेषांमध्ये तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा खूप पातळ रंग, द्यावा, पण फार हलका. पिवळ्या बाजूवर काळा वॉश कटाक्षाने टाळावा. तो पोट घाणेरडे करतो आणि रेषा चितारल्यासारख्या दिसतात. या विमानाची देखभाल मोजके लोक फार काळजीने करत होते, ते युद्धाच्या चिखलात उभे राहत नव्हते. त्यामुळे रंग उडालेले ओरखडे, तेलाचे ओघळ, मातीचे शिंतोडे यांना येथे जागा नाही. जेट नळीच्या तोंडाला पोलादी रंग, त्यावर अगदी थोडी निळसर-तपकिरी छटा आणि आत काजळी एवढे पुरे. त्यानंतर सगळ्यावर मॅट किंवा किंचित तुकतुकीत वार्निश द्यावे.

कॅनोपी सर्वांत शेवटी आणि फेव्हिकॉलनेच लावावी. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा गोंद ओल्या फडक्याने पुसता येतो. झटपट गोंदाची वाफ काचेवर पांढरी धुकट साय आणते, जी निघत नाही. चाके बसवताना आधी पुढचे, मग मागची दोन, आणि तिन्ही सपाट काचेवर टेकतात का हे गोंद ओला असतानाच पाहावे. टायर जिथे जमिनीला लागतो तिथे कानशीने हलका सपाटपणा दिला तर विमानाला भार असल्यासारखे वाटते.

पूर्ण झालेले मॉडेल काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या पेटीत, थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवावे, कारण उन्हात पिवळा रंग फिका पडतो आणि डिकलचे पारदर्शक भाग पिवळे पडतात. पेटीच्या पायथ्याशी नावाची पट्टी लावणार असाल तर ‘ग्लॉस्टर ई.२८/३९’ एवढ्यावर थांबू नये. विमानाचा क्रमांक, ठिकाण आणि आपण निवडलेली तारीखही त्यावर लिहावी, म्हणजे पाहणाऱ्याला छायाचित्राशी ताडून बघता येईल.